गोरख चिंचेचे मूळ गाव

(नभोवाणीवर दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो की चहाच्या वेळी कोणीतरी जवळ येतो आणि अगदी प्रेमाने म्हणतो, "तुमचं मराठी फार छान आहे हो. तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगतो, कोपरगावचा. "ते झालं, पण मूळचे?" मग मी आजोबांचे गाव सांगतो. तेही गोदावरीच्याच काठचे, वैजापूरच्या बाजूचे. तेवढ्याने त्या गृहस्थांचे समाधान होत नाही. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्यांना हवे असलेले उत्तर माझ्याकडे नसते. आजोबांच्या आजोबांपलीकडे आमच्या घरात कोणाचे नावच ठाऊक नाही. त्यामुळे मूळ शोधण्याच्या कोणत्याही खटाटोपाकडे मी जरा सावधपणेच पाहतो. अशाच सावधपणे मी एका झाडाच्या मुळाची हकिकत वाचली. ती वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून आज आपल्यापुढे ठेवतो.

झाड म्हणजे गोरख चिंच. काही ठिकाणी तिला चोरचिंचही म्हणतात. जगात तिला बाओबाब या नावाने ओळखतात. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल, पण नाव ठाऊक नसेल. वसईच्या किल्ल्यात आहे, मुंबईत बऱ्याच ठिकाणी आहे. खोड रांजणासारखे फुगलेले, साल हत्तीच्या कातडीसारखी, आणि फांद्या इतक्या आखूड की कोणी झाड उपटून उलटे रोवले असावे असे वाटते. वर्षातले कित्येक महिने अंगावर एक पान नसते. पावसाळ्यात पाने येतात ती हाताच्या बोटांसारखी, एका देठावर पाच-सात. आपल्या डोंगरातली काटेसावर हिचीच लांबची बहीण. फूल पांढरे, खाली लोंबणारे, संध्याकाळनंतर उमलणारे. त्याच्यावर वटवाघळे येतात आणि परागीकरण करून जातात. फळ दुधीसारखे लांबोडके, कठीण कवचाचे. आत कोरडा, पिठूळ, आंबट गर. या आंबटपणामुळेच तिला चिंच म्हटले गेले. चिंचेच्या झाडाशी तिचे काही नाते नाही.

मी ती पहिल्यांदा नीट पाहिली मांडूला. २०११ साली आम्ही घरची मंडळी मध्य प्रदेशात गेलो होतो. मांडूच्या महालांपेक्षा मला रस्त्याकडेची ही झाडे जास्त आठवतात. तिथे ती शेकड्यांनी आहेत. बायका टोपल्यांत ती फळे घेऊन बसलेल्या. 'मांडू की इमली' म्हणतात, 'खुरासानी इमली'ही म्हणतात. मी विचारले, खुरासानी का? बाई म्हणाल्या, बादशहाने तिकडून आणली. तिकडून म्हणजे कुठून, हे त्यांना सांगता येईना. खुरासान म्हणजे इराण-अफगाणिस्तानचा थंड मुलूख. तिथे हे झाड जगायचे नाही. म्हणजे नावावर जाऊ नये हा पहिला धडा तिथेच मिळाला. एक फळ विकत घेऊन आलो. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

या झाडाला नावे तरी किती! गोरक्षनाथांनी याच्याखाली बसून शिष्यांना उपदेश केला म्हणून गोरख चिंच, असे म्हणतात. आमच्या जिल्ह्यात मढीसारखी नाथांची मोठी स्थाने आहेत, तेव्हा हे नाव इकडच्या माणसाला परके वाटत नाही. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या किंतूर गावी याच जातीच्या एका जुन्या झाडाला पारिजात म्हणतात आणि त्याचा संबंध कुंतीशी लावतात. राजस्थानात अजमेरजवळ मांगलियावासला त्याचा कल्पवृक्ष होतो. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात तो 'हत्तियान का झाड' आहे. त्याचा बुंधा इतका प्रचंड की माणसे पोकळीत शिरून बसतात. कर्नाटकात सावनूरला अशा झाडांमुळे एका मठाचेच नाव 'दोड्ड हुणसे', म्हणजे मोठी चिंच, असे पडले. ज्याच्या अंगणात उगवले त्याने ते आपल्या पुराणात, आपल्या संतात, आपल्या बादशहात ओवून घेतले. 'बाओबाब' हे नाव अरबीतून आलेले असावे असे मानतात. 'हब्ब' म्हणजे बी, आणि 'अबू' म्हणजे बाप. पुष्कळ बियांचा बाप. इटालियन वैद्य प्रॉस्पेरो अल्पिनी याने इजिप्तमध्ये हे फळ पाहिले आणि १५९२ साली आपल्या ग्रंथात ते नाव नोंदवले. शास्त्रीय नावात फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञ मिशेल अ‍ॅडनसन यांचे नाव आहे. त्यांनी अठराव्या शतकात सेनेगलमध्ये या झाडाचा अभ्यास केला होता.

झाड आफ्रिकेचे, याविषयी वाद नव्हता. आफ्रिकेच्या कोरड्या, पानगळीच्या रानांचे ते राजे झाड. इब्न बतूता १३५२ साली माली देशाच्या वाटेवर होता, तेव्हा त्याला एका झाडाच्या पोकळ बुंध्यात एक विणकर माग मांडून कापड विणताना दिसला. अभ्यासक म्हणतात तो बाओबाबच. येवला आमच्या शेजारी असल्यामुळे असेल, पण झाडाच्या पोटात बसलेला तो विणकर मला फार आपला वाटतो.

वाद होता तो वेगळाच. ही झाडे भारतात आणली कोणी, आणि केव्हा? कोणी म्हणत अरब व्यापाऱ्यांनी, कोणी म्हणत पोर्तुगीजांनी. जॉन बर्टन-पेज हे इस्लामी स्थापत्याचे जाणकार. त्यांनी १९६९ साली या प्रश्नावर स्वतंत्र लेख लिहिला. जुनी झाडे उभी कुठे आहेत हे पाहिले की सुलतानी राजधान्या, किल्ले, दर्गे आणि बंदरे डोळ्यांसमोर येतात. आणि दख्खनमध्ये सुलतानी म्हटली की हबशी आलेच.

इथे मला खुलताबादची आठवण सांगितली पाहिजे. लहानपणी आम्ही दरवर्षी उरुसाला जायचो. कोपरगावहून वैजापूर, तिथून वेरूळ, आणि घाट चढून खुलताबाद. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. वर्षातून एवढे दोन दिवस ते बंद असायचे. एका वर्षी त्यांनी मला गर्दीतून बाहेर काढून एका जुन्या घुमटापाशी नेले. म्हणाले, "ये अपने नगर का वजीर था. हबशी था. बाजार में बिका हुवा आदमी." मी सात-आठ वर्षांचा असेन. विकलेला माणूस वजीर कसा होतो, हे मला कळेना. तो घुमट मलिक अंबरचा होता.

मलिक अंबर १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, आणि हातोहात विकला जात अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. तिथले पेशवे चंगेजखान यांनी त्याला विकत घेतले. ते स्वतःही हबशीच. मालक वारल्यावर अंबर मुक्त झाला. १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर बुडत्या निजामशाहीला त्याने जवळजवळ पाव शतक तरंगत ठेवले. खडकी गाव वसवले. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. नहर काढून तिथे पाणी आणले, जमीन महसुलाची घडी बसवली, १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना पाणी पाजले. १६२६ मध्ये तो वारला. नगरच्या माणसाला हे सगळे शाळेत शिकवले जाते. निदान आम्हाला तरी शिकवले होते. पण अंबर एकटा नव्हता. त्याच्या मागेपुढे, जहाजांच्या तळाशी बसून, हजारो माणसे आली. त्यांच्यातल्या फार थोड्यांची नावे बखरीत किंवा तवारिखेत आहेत. जंजिऱ्याच्या सिद्दींची आहेत, कारण त्यांच्याकडे किल्ला होता. बाकीच्यांकडे काय होते?

अशा वेळी झाड उपयोगी पडते. झाडाला लिहिता येत नाही, पण ते सगळे जपून ठेवते.

२०१५ साली रॉयल सोसायटीच्या एका नियतकालिकात कॅरेन बेल, हरिप्रिया रंगन, ख्रिश्चन कुल आणि डॅनियल मर्फी या चौघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी आफ्रिकेतून, भारतातून, मॉरिशसच्या बाजूच्या मॅस्करीन बेटांवरून आणि मलेशियातून गोरख चिंचेचे नमुने घेतले, त्यांतला डीएनए काढला आणि त्यातल्या दहा ठिकाणच्या खुणा ताडून पाहिल्या. या खुणांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेली फार लांब पोथी, एवढे आता सर्वांना माहीत आहे. या पोथीत काही जागा अशा असतात की तिथे दोन-तीन अक्षरांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो. आपण कव्वाली ऐकलीच असेल. रंगात आला की कव्वाल एकच बोल सात वेळा घेतो, कधी नऊ वेळा. तोच गुरू, तोच राग, तेच शब्द. पण शिष्याच्या तोंडी तो बोल आठ वेळा येतो. डीएनएचेही तसे आहे. पेशी जुन्या पोथीवरून नवी उतरवते तेव्हा अर्थाच्या जागी ती सहसा चुकत नाही, पण या पालुपदाच्या जागी मोजणी चुकते. एखादा तुकडा जास्त पडतो, एखादा गळतो. झाडाच्या वाढीवर, फळावर त्याचा बहुधा काही परिणाम होत नाही, म्हणून ही चूक दुरुस्त न होता पुढच्या पिढीकडे जाते. तिथून त्याच्या पुढच्या. एका खोऱ्यातल्या झाडांत पालुपद बारा वेळा येत असेल आणि दूरच्या दुसऱ्या खोऱ्यात पंधरा वेळा, तर अनोळखी झाडात पंधरा सापडले की आपण म्हणू शकतो, हे बहुधा त्या बाजूचे. एका जागेवरून असे काही ठरत नाही. योगायोगही असू शकतो. म्हणून दहा जागा पाहायच्या.

पान तोडायचे, ते सडू नये म्हणून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीत वाळवायचे, प्रयोगशाळेत त्याचा डीएनए काढायचा, हवी ती जागा तेवढीच यंत्रात लाखो पटींनी वाढवायची आणि तिची लांबी मोजायची. पालुपद जितके जास्त, तितका तुकडा लांब. आफ्रिकन गोरख चिंचेत आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. या झाडाकडे चार असतात. त्यामुळे एकाच जागी चार वेगवेगळ्या लांबी सापडू शकतात आणि हिशेब किचकट होतो. मग हे सगळे आकडे संगणकात घालतात आणि कोणते झाड कोणत्या झाडाच्या जवळचे, याचे गट पाडतात.

निघाले काय? सांगण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. पण मला ज्यांनी थांबवले, त्याच सांगतो.

आग्नेय भारतातली झाडे पश्चिम आफ्रिकेतल्या झाडांच्या गटात बसली. मॅस्करीन बेटांवरची आणि मलेशियातलीही त्याच गटात. हे ऐकायला विचित्र वाटते, कारण पश्चिम आफ्रिका म्हणजे खंडाची पलीकडची बाजू, अटलांटिकची. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय साम्राज्यांचे जाळे डोळ्यांसमोर आणले की उलगडा होतो. त्यांच्या बोटी, त्यांच्या वसाहती, त्यांच्या बागा. बी त्या वाटेने आले असावे.

आपली झाडे मात्र वेगळी. पश्चिम आणि मध्य भारतातल्या झाडांचा गट आफ्रिकेतल्या कोणत्याच गटात बसेना. वंशावळ मांडली तेव्हा त्यांचे सगळ्यात जवळचे नाते मोंबासा ते दार-एस-सलाम या पूर्व किनाऱ्याशी दिसले. म्हणजे आजच्या केनिया आणि टांझानियाचा किनारा. मोसमी वाऱ्यावर शिडे उभारली की समोर आपला पश्चिम किनारा येतो, तोच. भारतातल्या झाडांत एकूण विविधता आफ्रिकेपेक्षा कमी आढळली. हे अपेक्षितच होते. मूठभर बियांतून रान उभे राहिले की त्यात मूठभर बियांएवढेच वैविध्य असणार. आपल्या सागाच्या बाबतीत असेच पण उलट्या दिशेने दिसते. सागाच्या नैसर्गिक रानांतली जनुकीय विविधता भारतात भरघोस आहे आणि पूर्वेला लाओसकडे जाताना ती घटत जाते.

पण कमी विविधता असूनही भारतातल्या गोरख चिंचेत काही खुणा अशा मिळाल्या की त्या तपासलेल्या कुठल्याही आफ्रिकन झाडात नाहीत. शास्त्रज्ञ त्यांना 'खासगी' खुणा म्हणतात. याचे अर्थ दोन. ज्या आफ्रिकन झाडांकडून त्या आल्या ती आता उरली नसतील किंवा नमुन्यात आली नसतील. नाहीतर ही झाडे इथे इतक्या काळापासून आहेत की मोजणीतल्या काही चुका इथेच, या मातीत, झाल्या. अभ्यासकांनी निष्कर्ष काढला तो असा की गोरख चिंच भारतात एकदा नव्हे, अनेकदा आली, आणि समजत होतो त्यापेक्षा फार लांब काळात येत राहिली.

पुढची गोष्ट जड आहे. मोझांबिकमधले झांबेझीचे खोरे आणि टांझानियातले किल्वा बंदर या दोन ठिकाणी झाडांची सरमिसळ सापडली. एरवी आफ्रिकेत प्रदेशाप्रमाणे झाडांचे गट पडतात. इथे एकाच ठिकाणी दोन-दोन गटांची झाडे. अभ्यासकांचा अंदाज असा की पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकात आतल्या मुलखातून माणसे पकडून किनाऱ्यावर आणली जात, त्यांच्याबरोबर त्यांच्या गावाकडचे बी आले असावे. विचार करा. या फळाचा गर वाळलेलाच असतो, महिनोन् महिने टिकतो, आंबट असतो, त्यात जीवनसत्त्व 'क' भरपूर. प्रवासाला याहून चांगली शिदोरी नाही. गर चोखला की बी थुंकून टाकायचे. पकडलेल्या माणसाच्या मुठीत किंवा पोटात जे राहिले ते बंदराच्या कडेला उगवले. माणूस पुढे जहाजात गेला. झाड तिथे उभे आहे.

हे वाचल्यावर माझ्या मनाने लगेच उडी मारली: मांडूची, विजापूरची, गोवळकोंड्याची झाडे म्हणजे आमच्या हबशांनी लावलेली! मलिक अंबरच्या घुमटापाशी उभा असलेला मी मला दिसू लागलो. कवी अशाच वेळी फसतो. कारण हिशेब तितका सरळ नाही. अंबर इथिओपियाचा. 'हबशी' हा शब्दच हबश म्हणजे इथिओपियाच्या मुलखावरून आलेला. आणि आपल्या झाडांचे जवळचे नाते लागते ते दक्षिणेकडच्या मोंबासाच्या किनाऱ्याशी. दख्खनी दरबारात आफ्रिकेतून आलेल्या सगळ्यांनाच सरसकट हबशी म्हणत असतील हे खरे. हैदराबादच्या प्रयोगशाळेने २०११ साली सिद्दी समाजाचा डीएनए तपासला, तेव्हा त्यात बांटू भाषक आफ्रिकन समाजांशी नाते निघालेच होते. तरी 'मलिक अंबरने आणलेले झाड' असे कोणी ठोकून सांगितले तर माझा हात वर जाईल. जनुकीय खूण वाट दाखवते. बी कोणाच्या हातात होते, खलाशाच्या, सैनिकाच्या, व्यापाऱ्याच्या की पायात बेडी असलेल्या बाईच्या, हे ती सांगत नाही. तारीखही सांगत नाही.

तारखेसाठी वेगळा मार्ग. गोरख चिंचेचे वय घेरावरून काढता येत नाही. आतून पोकळ होत जाणाऱ्या या झाडाच्या वर्षकड्यांवरही भरवसा नाही. आद्रियान पात्रुट या रुमानियन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लाकडाचे बारीक नमुने घेऊन रेडिओकार्बन पद्धतीने जगभरच्या बाओबाबची वये काढली. भारतातली दोन झाडे त्यांनी तपासली: अलाहाबादजवळच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजजवळच्या, झूसीचे आणि किंतूरचा तो कुंतीचा पारिजात. २०२० साली निकाल आला. दोघांचीही वये पावणेआठशे वर्षांच्या आसपास. म्हणजे १२५०च्या सुमाराची रोपे! वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. पोर्तुगीजांनी आणलेले झाड ही कथा तिथे संपली, निदान त्या दोन झाडांपुरती. नगर शहर १४९०च्या पुढचे. अहमद निजामशहाने ते वसवायला घेतले तेव्हा किंतूरचे झाड अडीचशे वर्षांचे होते.

कदाचित याच्याही मागे जावे लागेल. ज्वारी आणि बाजरी ही आफ्रिकेची धान्ये. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात पोहोचली होती. नगर जिल्ह्यातला माणूस बाजरीची भाकरी मोडताना ती परदेशी आहे असे मनातही आणत नाही, आणि का आणावे? चिंचेचेही मूळ घर आफ्रिकाच मानतात. अरबांना ती भारतातून मिळाली, म्हणून त्यांनी तिला 'तमर-ए-हिंद' म्हटले, हिंदचा खजूर. त्यावरून इंग्रजी नाव आले आणि शास्त्रीय नावातही 'इंडिका' चिकटले. आणि आपण एका आफ्रिकन झाडाला दुसऱ्या आफ्रिकन झाडाचे नाव दिले, वर गोरखनाथांचा आशीर्वाद जोडला. ज्या वाटेने बाजरी आली त्या वाटेने कधी गोरख चिंचेचे बी आले नसेलच असे नाही. पण हा नुसता तर्क झाला; त्याला पुरावा मिळेपर्यंत मी तो तर्काच्याच जागी ठेवतो.

मूळ शोधत मागे जायचेच तर बाओबाबचे मूळ आफ्रिकाही नाही. २०२४ साली आठही जातींचा संपूर्ण जनुकसंच वाचून अभ्यासकांनी दाखवले की हे कुळ मादागास्कर बेटावर सुमारे दोन कोटी दहा लाख वर्षांपूर्वी जन्मले. तिथून एक शाखा आफ्रिकेला गेली, एक थेट ऑस्ट्रेलियाला, समुद्राच्या प्रवाहावर तरंगत. म्हणजे आफ्रिकेला विचारले, "मूळची कुठली गं?" तर तिलाही बोट समुद्राकडे करावे लागेल. ज्यांना हा प्रश्न विचारायची हौस आहे त्यांनी तो कुठे थांबवायचा ते एकदा ठरवावे.

एक काळजी मात्र आहे, ती सांगतो. खासगी खुणा असलेली ही झाडे आपल्याकडे मोजकीच उरली आहेत. मुंबईत सांताक्रूझला २०२२ साली मेट्रोच्या कामासाठी अशी एक जुनी गोरख चिंच तोडली गेली. धार जिल्ह्यातली जुनी झाडे मुळासकट उपटून हैदराबादला नेण्यावरून तिथल्या लोकांनी विरोध केला आणि प्रकरण मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. झाड तोडताना त्याचा घेर मोजतात, लाकडाची किंमत करतात. गोरख चिंचेच्या भुसभुशीत लाकडाला तर किंमतही येत नाही. एकाच झाडात असलेली एखादी खूण त्याच्याबरोबर जाते, आणि मग झाडाच्या वंशावळीतला तेवढा दुवा कायमचा पुसला जातो. ज्यांनी ते बी आणले त्यांची दुसरी कुठलीच नोंद नाही. जुन्या रस्त्याचे रुंदीकरण निघाले की मला त्यामुळे धडकी भरते. दर्ग्याच्या किंवा मठाच्या आवारातली झाडे अजून टिकून आहेत ती श्रद्धेमुळे. मला तरी ती श्रद्धा सरकारी फलकापेक्षा भरवशाची वाटते.

आता मांडूहून आणलेले फळ. घरी आल्यावर आईने त्याचा गर कोळून त्यात गूळ घातला आणि सरबत केले. सगळ्यांनी तोंडे वाकडी करत प्यायले. बिया मी ठेवल्या. त्यांचे कवच फार कठीण. पहिल्या खेपेला कुंडीत नुसत्या पुरल्या; वर्षभरात एकही उगवली नाही. दुसऱ्या खेपेला कढत पाण्यात रात्रभर भिजवल्या, तेव्हा चारांतली एक आली. रोपाची पहिली पाने साधी, एकेरी, बोटांसारखी नव्हतीच. मी समजलो, फसलो, हे दुसरेच काही आहे. पुढच्या पावसाळ्यात बोटे फुटली.

कुंडीत ते मावेना तेव्हा आमच्या कब्रस्तानाच्या कुंपणालगत लावले. तिथले राखणदार चाचा दर उन्हाळ्यात मला निरोप धाडतात की तुमचे झाड मेले. एकदा तर कुऱ्हाड घेऊन निघाले होते. जूनमध्ये दोन पाऊस झाले की तेच येऊन सांगतात, पाने आली. आता ते माझ्या दुपटीपेक्षा उंच झाले आहे. खोड अजून माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावते. फुलायला अजून कैक वर्षे आहेत. मी पाहीन असे नाही.

गेल्या श्रावणात त्याचे एक पान मी तोडून आणले. सिलिका जेल कुठे मिळणार? मुलाच्या नव्या बुटांच्या खोक्यात दोन बारीक पुड्या निघाल्या होत्या, त्या वापरल्या. पान नीट वाळले, हिरवे राहिले. ते एका लिफाफ्यात घालून वर लिहून ठेवले आहे: बी मांडूचे, २०११, झाड कोपरगाव, गोदावरीचा काठ.